अर्धा ठोका मागे

वच्छलाताई उबाळे, मसाला डंक, किन्हवली. आधी हे नाव लिहितो, मग बाकीचं. मी नववीत शाळा सोडलेला माणूस. लिहायला बसलो की भरकटतो, आणि मुख्य माणसाचं नाव शेवटी घाईत उरकलं जाईल अशी धास्ती वाटते. म्हणून पहिल्याच ओळीत. त्या बाईंनी मला चार दिवस जेवायला घातलं, झोपायला ओटी दिली आणि एक शब्द खोडायला लावला. हे सगळं त्या शब्दापायी लिहितोय.

माझं गाव किनवटच्या पलीकडे, जिथून पुढे तेलुगू सुरू होतं तिथलं. कामाला आहे चाकणजवळच्या एका लहान कारखान्यात. तिथे आम्ही इन्व्हर्टर बनवतो. घरात पंख्याखाली ठेवतात ते नव्हेत, कपाटाएवढे. छपरावरच्या सोलरची वीज घेऊन ती गिरणीला, कारखान्याला चालेल अशी करून देतात. मी टेस्टिंगच्या टेबलावर असतो. दहावी नसलेल्याला त्या टेबलावर कोणी बसवत नाही. आमच्या साहेबांनी बसवलं, कारण माझं वायरिंग नीट असतं. दोन पॅनल शेजारी ठेवले तर आरशात बघितल्यासारखे दिसतात, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

माळशेज उतरून

एप्रिल लागला होता. साहेबांनी बोलावलं. किन्हवलीच्या एका भात गिरणीत दिवाळीनंतर आमचे दोन इन्व्हर्टर बसवले होते. गिरणीशेजारी एका बाईंचा डंक, म्हणजे मसाला कुटायची गिरणी. दोघांची वीज एकाच डीपीवरून, म्हणजे एकाच ट्रान्सफॉर्मरवरून. बाईंची तक्रार अशी, की सोलर आल्यापासून त्यांचे कपॅसिटर फुटतात, मोटारही जळाली. गिरणीने उलटी तक्रार लिहून दिली होती, की बाईंच्या जुन्या मोटारीमुळे डीपीवरची वीज बिघडते, त्यांची जोडणी इथून काढून लांबच्या डीपीवर टाका. शुक्रवारी वीजखात्याचे इंजिनियर येऊन निकाल देणार होते.

"तू जा," साहेब म्हणाले. "मीटर लाव, रीडिंग घे, आपलं सगळं हद्दीत आहे असं लिहून दे. डिप्लोमावाले सगळे बाहेर आहेत, नाहीतर तुला पाठवलं नसतं."

मंगळवारी पहाटे निघालो, पहिल्यांदाच एकटा. मीटरची पेटी एसटीत वर ठेवायचा धीर झाला नाही, चार तास मांडीवर धरून बसलो. कंडक्टर दोनदा विचारून गेला, "पेटीत काय, कोंबडी?" माळशेजचे डोंगर उन्हात भाजून निघालेले, पाण्याचा टिपूस नाही. पावसाळ्यात इथे लोक धबधबे बघायला येतात म्हणे. मला ते खरं वाटेना. मुरबाडला उतरलो तेव्हा पायाला मुंग्या आल्या होत्या. पायरीवर पडलो तो कोपरावर. पेटी वाचली, कोपर सोललं. तीच माझी मुरबाडची ओळख.

तिथून किन्हवलीला जीप. दोन्ही बाजूंना मोकळी भातखाचरं, आणि जागोजाग जमिनीचे चौकोन काळेकुळकुळीत जळालेले. मी शेजारच्या म्हाताऱ्या बाबांना विचारलं, "आग लागली होती का हो?"

ते माझ्याकडे असे बघू लागले, जणू मी समुद्र पार करून आलोय. "आग नाय रे, राब हाय. पाला, शेण, माती घालायची नि भाजायचं. भाजल्याबिगर रोपाला जोर येत नाय."

"आमच्याकडे कापूस निघाल्यावर पऱ्हाट्या जाळतात."

"मंग तुमी काम झाल्यावर जाळता," बाबा म्हणाले. "आमी कामाच्या आधी जाळतो."

गिरणी आणि डंक

गिरणीचे मॅनेजर भोईर. बोलायला गोड माणूस. मला गोदामात भाताच्या पोत्यांमध्ये खाट टाकून दिली आणि म्हणाले, "तुमी फक्त कागद द्या. त्या बाईंशी माझं काय वैर नाय. पण त्यांची मोटार त्यांच्या नवऱ्याच्या येळची हाय."

मीटर लावला. आता थोडं सांगावं लागेल, पण सोपं करून सांगतो. वीज ही लाट असते. गोल चढते, गोल उतरते. आमचं यंत्र सोलरच्या सरळ विजेचे तुकडे पाडून ती लाट बनवतं. आतले स्विच सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतात. कधी जास्त वेळ चालू, कधी कमी, आणि या कमीजास्तीतून लाट घडते. पण तुकड्यांची लाट म्हटली की तिला कोपरे राहतातच. त्या कोपऱ्यांना आमच्या धंद्यात हार्मोनिक्स म्हणतात. लहान यंत्रात स्विच इतके भरभर चालवता येतात की कोपरे बारीक होऊन विरून जातात. मोठ्या यंत्रात तेवढे भरभर चालवले तर स्विच तापतात, म्हणून हळू चालवायचे, आणि हळू चालवले की कोपरे मोठे. हे कोपरे तारेतून शेजाऱ्याकडे जातात. तिथे कपॅसिटर असला तर तो ते पिऊन घेतो, तापतो, फुगतो.

माझ्या मीटरवर सगळे आकडे हिरवे होते. सगळं हद्दीत. मग मी नियमाप्रमाणे डंकावरही मीटर लावायला निघालो.

गिरणीच्या कुंपणाला लागून पत्र्याची शेड. आत सिमेंटचा ओटा, ओट्यात सहा लोखंडी उखळं, प्रत्येकावर पुरुषभर उंच मुसळ. वर एक लांब शाफ्ट फिरतो, शाफ्टवर सहा लोखंडी हात. हात आला की मुसळ उचललं जातं, हात निसटला की धप्पकन पडतं. एकामागून एक, सहा. बाहेर सावलीत पाच-सहा बाया बसलेल्या, तोंडाला पदर बांधून, भाजलेल्या मिरच्यांची गाठोडी पुढ्यात. डोळखांबकडच्या पाड्यांवरून सकाळच्या गाडीने येतात आणि दुपारच्या गाडीने जातात. मी पाय ठेवला आणि सलग सात शिंका दिल्या. बाया हसल्या.

वच्छलाताई पन्नाशीच्या पुढच्या, उंच, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. "गिरणीचा मानूस?" त्यांनी विचारलं.

"नाही, कंपनीचा."

"मंग गिरणीचाच." पेटीकडे बघून म्हणाल्या, "लाव तुझा डबा. पन मला सांग, शिट्टी आयकू येते का तुला?"

मी ऐकलं. मुसळांच्या दणदणाटात काय ऐकू येणार? त्यांनी मला हाताला धरून स्टार्टरजवळच्या कपॅसिटरपाशी नेलं. तिथे कान लावला तेव्हा आली. बारीक, चिरकी, एकसुरी.

"सूर्य वर चढला का ही लागते. ढग आला का थांबते. सकाळी नाय, सांजचं नाय. जुनी मोटार काय ढग बघून वाजते काय रे?"

मी डंकाच्या तारांना मीटर जोडला. मीटर हिरवाच दाखवत होता. तेवढ्यात, बाराच्या सुमारास, माझ्या डोळ्यांदेखत कपॅसिटरचा डबा भाकरीसारखा टम्म फुगला आणि फाटकन आवाज होऊन तेल उडालं. ताईंनी धावत जाऊन स्विच पाडला. सहाही मुसळं जिथल्या तिथे थांबली.

पाड्यावरची एक म्हातारी उठली, आपली मिरची बांधू लागली आणि म्हणाली, "चल गो. आता परत यायाचं."

मी तसाच उभा. ताईंनी माझ्या शर्टावरचं तेल बघितलं, सोललेलं कोपर बघितलं. "जेवलास का?"

"तुम्ही मला कशाला... मी तर समोरच्या बाजूचा."

"जेवान येगळं, भांडान येगळं. हात धू."

तांदळाची भाकरी आणि कैरी घालून केलेली सुकट, म्हणजे वाळवलेला जवळा. आमच्याकडे ज्वारीची भाकर, तिला चव असते, जड असते. ही पांढरी, मऊ, घडी घातली तर रुमालासारखी. सुकट मी जन्मात खाल्ली नव्हती, वासानेच बिचकलो. पण भूक लागली होती, आणि दुसऱ्या घासाला बिचकणं संपलं. भिंतीवरच्या कोनाड्यात बुद्धाची पांढरी मूर्ती होती. शेजारची एक मुलगी दारावरून जाताना "जय भीम, मावशी" म्हणून गेली. ताईंनी जेवताजेवता विचारलं, गोदामात झोपणार का? मी हो म्हटलं. "उंदीर कान कुरतडतील. ओटीवर ये."

मी सामान आणलं. भोईर हसून म्हणाले, "गेले का पार्टी बदलून?" पण त्यांनी अडवलं नाही.

संध्याकाळी ओटीवर बसून मी मीटरचं पुस्तक उघडलं. इंग्रजी मला अडखळत येतं. एक ओळ पाच वेळा वाचली तेव्हा कळली. आमचा मीटर मूळ लाटेच्या पन्नासपटीपर्यंतचे कोपरे मोजतो. आणि आमच्या स्विचचा ठोका, म्हणजे चालू-बंद व्हायचा वेग, साठपटीवर आहे, ते मी स्वतः दर पॅनलवर स्टिकर लावून लिहितो. मीटर खोटं बोलत नव्हता. त्याला जेवढं मोजायला सांगितलं तेवढंच तो मोजत होता. शिट्टी त्याच्या पलीकडची होती. मी लिहून देणार होतो तो कागद आकड्यांनी खरा आणि बाकी सगळा खोटा होणार होता.

तरीही प्रश्न उरलाच. एवढी मोठी शिट्टी का? असे दोन-दोन जोडीने आम्ही आणखी ठिकाणी बसवलेत. तिथून तर कधी तक्रार आली नाही.

शहापूर

बुधवारी ताई नवा कपॅसिटर आणायला शहापूरला निघाल्या. कपॅसिटरशिवाय मोटार फिरते, पण तो लावायचा नियम आहे आणि शुक्रवारी इंजिनियर बघायला येणार. मीही गेलो. मला कपॅसिटर तपासून घेता येतो, तेवढाच उपयोग.

शहापूर गावातून वर बघितलं की माहुलीचे सुळके दिसतात, आभाळात बोटं खुपसल्यासारखे. आमच्याकडे सागाचं जंगल आहे, पण डोंगर असे उठून अंगावर येत नाहीत. मी बघत राहिलो आणि रिक्षाखाली येता येता वाचलो. ताईंनी दंडाला धरून ओढलं.

दुकानदार ताईंना ओळखत होता. "मावशी, तिसरा? या वर्षी डंकात कपॅसिटर कुटता का?"

"हा. लाल तिखट निघतं. तुला देऊ का पावशेर?"

दुकानदार हसला, ताईही हसल्या, पण नोटा त्यांनी दोनदा मोजून मग पुढे केल्या. परत येताना गाडीत त्यांनी सांगितलं. मालक, म्हणजे त्यांचे यजमान, कारखान्यात फिटर होते. कारखाना बंद पडला तेव्हा त्यांनी स्वतःच्या हाताने हा डंक उभा केला. ते जाऊन सहा वर्षं झाली. होळीला पहिला कपॅसिटर फुटला तेव्हा एक फ्यूज गेला, मोटार तीनऐवजी दोन फेजवर चालत राहिली आणि जळाली. ती परत भरून येईपर्यंत अकरा दिवस शेड बंद. मसाल्याचा मोसम म्हणजे पाऊस पडेपर्यंतचा. त्यातले अकरा दिवस.

"लांबच्या डीपीवर टाकलं तर चालणार नाही का?" मी विचारलं.

"तो डीपी वाडीच्या पल्याड. तिथं नेलं तर शेड पन तिथं. गाडीतून उतरून बाया डोक्यावर गाठोडं घेऊन तिकडं कशाला येतील? मुरबाडला जातील सरळ." मग थोड्या वेळाने, "लोक म्हनतात हलका माल घालते, म्हनून फुटतं. मालकानं केलेलं मोडून खाल्लं म्हनतात. ते लागतं रे मला."

मी माझंही सांगितलं. बाप अंथरुणाला खिळला, नववीत शाळा सुटली, नांदेडला मोटार भरायच्या दुकानात लागलो, तिथून चाकण. कंपनीत माझ्या खालचे सगळे माझ्यापेक्षा शिकलेले. रोज वाटतं, आज कोणीतरी विचारेल आणि मला येणार नाही.

"मंग?" ताई म्हणाल्या. "नाय आलं तर नाय येत म्हनायचं."

त्यांना ते सोपं वाटत होतं.

एक मुसळ

गुरुवारी सकाळी कपॅसिटर बसवला. डंक बंदच होता, म्हणून ताईंनी शाफ्टवरचा चौथा हात काढून त्याचा झिजलेला तुकडा बदलून घेतला होता. पाड्यावरच्या बाया पुन्हा आल्या होत्या, तीच म्हातारीही. ताई त्यांच्या मिरच्या तोलत होत्या. मला म्हणाल्या, "तेवढा बोल्ट आवळून दे."

मी वर चढलो. चौथा हात सैल होता, कसाही फिरत होता. मला वाकडंतिकडं बघवत नाही. मी तो तिसऱ्याच्या अगदी सरळ रेषेत आणला, डोळा लावून बघितला, बोल्ट कचकून आवळला. खाली उतरलो आणि स्विच दिला.

धाड! तिसरं आणि चौथं मुसळ एकदम पडलं. ओटा हादरला, फळीवरचे डबे खाली आले, मिरची उखळातून कारंज्यासारखी उडाली. पुन्हा धाड!

"बंद कर! बंद कर रे!" ताई धावल्या. स्विच पाडला. बाया शिंकत, खोकत बाहेर पळाल्या. म्हातारी डोळे पुसत म्हणाली, "काय गो वच्छला, हा बरा कराया आलाय का मोडाया?"

ताई माझ्यावर खरोखर चिडल्या होत्या. "दोन एकदम पाडतो? ओटा फुटंल, शाफ्ट वाकंल! एक पडंल तवा दुसरं वर पायजे. सहाच्या सहा येळा येगळ्या. एकाचा दनका दुसऱ्यानं खायाचा. हे बग." त्यांनी शाफ्ट हाताने फिरवला. प्रत्येक हाताच्या मुळाशी लाल रंगाचा एक ठिपका होता, नेलपॉलिशचा. मालकांनी लावलेला. बरेचसे उडाले होते. चौथ्याचा तर नुसता डाग उरला होता. त्या चष्मा वर करून बोटाने चाचपत म्हणाल्या, "आता मला बी दिसत नाय. पन हात इतं यायला पायजे, तिसऱ्याच्या मागं. सरळ रेषेत आनलास कशाला?"

"नीट दिसावं म्हणून."

हे बोललो आणि माझं बोलणं मलाच ऐकू आलं. मी ओट्याच्या कडेवर बसलोच.

दोन मोठे इन्व्हर्टर जोडीने चालवायचे असतात तेव्हा त्यांचे स्विच एकाच क्षणी चालवत नाहीत. दुसऱ्याचा ठोका पहिल्याच्या अर्धा ठोका मागे ठेवतात. पहिल्याचा कोपरा वर येतो तेव्हा दुसऱ्याचा खाली जातो, दोघे एकमेकांना खाऊन टाकतात आणि तारेत जातं ते जवळजवळ गुळगुळीत. म्हणून तर स्विच हळू चालवूनही भागतं. त्यासाठी दोघांमध्ये एक बारीक तार असते आणि दुसऱ्यात एक आकडा भरायचा असतो: एकशे ऐंशी अंश, म्हणजे अर्धा फेरा. पहिल्यात शून्य.

दिवाळीच्या आधी घाई होती. पहिल्या पॅनलची सगळी सेटिंग मी पेनड्राइव्हवर घेतली होती आणि जशीच्या तशी दुसऱ्यात भरली होती. आरशासारखी.

मी तडक गिरणीत गेलो. दुसऱ्या इन्व्हर्टरचं दार उघडलं, पडद्यावर बोट फिरवत त्या पानापर्यंत गेलो. शून्य. दोन्ही मुसळं सहा महिने एकदम पडत होती.

भोईरांना म्हटलं, दहा मिनिटं दोन्ही बंद करतो. त्यांनी खांदे उडवले. मी आकडा बदलला, यंत्रं पुन्हा चालू केली. उन्हं डोक्यावर आली होती. कुंपणाकडे धावलो. ताईंनी तोवर चौथा हात जागेवर आणून डंक सुरू केला होता. एक पाय ओट्यावर, एक हात कपॅसिटरच्या डब्यावर ठेवून त्या उभ्या होत्या, आणि मी तोंड उघडायच्या आधीच म्हणाल्या, "सूर गेला."

मी कान लावला. कोपऱ्यात कुठेतरी केसाएवढा बारीक आवाज होता, असून नसल्यासारखा. डबा गार होता. वर सहा मुसळं आपापल्या वेळेला पडत होती.

"काय केलंस?"

मी सांगितलं. सगळं. मुसळांची उपमा त्यांचीच होती, त्यांना समजावून सांगायची गरजच पडली नाही. मी बोलत गेलो तसा त्यांचा चेहरा बंद होत गेला. शेवटी त्या एवढंच म्हणाल्या, "तीन कपॅसिटर, एक मोटार, अकरा दिवस." आणि वळून बायांच्या मिरच्या उखळात घालू लागल्या. दुपारच्या गाडीआधी म्हातारीची पाळी आलीच नाही, तिला शुक्रवारी पुन्हा यावं लागणार होतं. दुपारी मला कोणी जेवायला बोलावलं नाही. मी बोलावण्याची वाटही बघितली नाही.

कागद

साहेबांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आकडा बदललास ना? झालं तर मग. 'सेटिंग सुधारले' असं लिही. कोणी, कधी, कसं, हे कोण विचारणार आहे? तुझंच भलं आहे त्यात." ते वाईट माणूस नाहीत. मला टेबलावर त्यांनीच बसवलं होतं.

दिवेलागणीला मी ओटीवर कागद घेऊन बसलो. शाळा सोडल्यापासून एवढं मोठं मराठी लिहिलं नव्हतं. लिहिलं: तांत्रिक कारणामुळे दुसऱ्या इन्व्हर्टरचे सेटिंग चुकीचे राहिले होते, ते सुधारण्यात आले आहे. तीन वेळा वाचलं. बरं वाटलं. खोटं काही नव्हतं त्यात.

ताई ताट घेऊन आल्या. तांदळाची भाकरी, वांग्याचं भरीत. ताट ठेवलं आणि कागद उचलला. दिव्याखाली, चष्मा वर करून, एकेक शब्द मोठ्याने वाचला. त्या सातवीपर्यंत शिकल्यात.

"तांत्रिक कारनामुळं," त्या पुन्हा म्हणाल्या. "हे कोन? कुटं ऱ्हातं?"

मी कागद परत घ्यायला हात पुढे केला.

"गावात माझं नाव घेतात. वच्छलानं हलका माल घातला, वच्छलानं मोटार जाळली. तिथं कोनी तांत्रिक कारन म्हनलं नाय. मला नाव हाय, नि तुझ्याकडं नुसतं कारन?"

"ताई, माझं टेबल जाईल."

"जाईल," त्या म्हणाल्या. नाही जाणार असं म्हणाल्या नाहीत. "भ्या वाटतं ना? मला बी वाटतं, शुक्रवारचं. जेव आधी. गार व्हतं."

त्या समोरच बसून राहिल्या. घास गिळता गिळता मी शब्द खोडला. त्या जागी लिहिलं: माझ्या हातून. पुढे माझं नाव, आणि तारीख. खाली लिहिलं, की शेजारच्या डंकाचं जे नुकसान झालं ते यामुळे झालं, मालकिणीची त्यात काही चूक नाही, कंपनीने भरपाई द्यावी. ताईंनी पुन्हा वाचलं आणि कागद सरळ करून बुद्धाच्या कोनाड्यात, उडू नये म्हणून, मूर्तीच्या बुडाशी ठेवला.

शुक्रवार

इंजिनियर तरुण होते, उन्हाने वैतागलेले. शेडमध्ये भोईर, ताई, वाडीतले चार-सहा लोक आणि पाड्यावरच्या बाया. मी कागद द्यायला हात पुढे केला तर ते म्हणाले, "तुम्हीच वाचा."

मी वाचला. 'माझ्या हातून' हे शब्द आधी पुटपुटलो, मग पुन्हा मोठ्याने वाचले. इंजिनियरांनी डब्याला हात लावून बघितला, दोन-तीन प्रश्न विचारले. एकाचं उत्तर मला आलं नाही. "येत नाही साहेब," असं मी म्हणालो. त्यांनी मान डोलावली आणि पुढचा प्रश्न विचारला. काही कोसळलं नाही.

भोईरांनी गिरणीची तक्रार तिथेच मागे घेतली. ताईंच्या समोर येऊन म्हणाले, "मावशी, मी जुनी मोटार, जुनी मोटार करत बसलो." ताई म्हणाल्या, "जुनी तर हायेच. पन चालते." म्हातारीने मात्र माझ्याकडे रोखून बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "म्हंजे याच्यामुळं मी तीन येळा गाडीनं आली?" मी हो म्हटलं. "मंग ये हितं. उचल हे गाठोडं." मी गाडीपर्यंत गाठोडं नेलं. ताजा मसाला कापडातूनही गरम लागत होता.

निघताना ताईंनी कागदात बांधून पावशेर मसाला दिला. आमच्या आईचा येसूर काळा, हा लाल. "तुझ्या आयेला दे. सांग, पोरगं शिंकतं लय."

परत आल्यावर

टेबल गेलं. चार महिने मी पॅनलच्या वायरी सोलल्या, आणि ते बरोबरच होतं. ताईंना मोटार आणि कपॅसिटर कंपनीने पाठवले. साहेबांनी त्यावर माझ्यासमोर सही केली आणि माझ्याकडे बघितलं नाही. पण आता जोडीतल्या दुसऱ्या पॅनलला वेगळा कागद असतो आणि त्यावर पहिलीच ओळ आहे: अर्धा ठोका मागे आहे का? गेल्या महिन्यात साहेबांनी मला परत टेबलावर बसवलं. बसवताना म्हणाले, "सारखं दिसलं की थांबत जा." मी थांबतो.

ताई, तुमच्या शाफ्टवरचे ठिपके पुढच्या मोसमापर्यंत टिकणार नाहीत. ते तुम्हाला आताच दिसत नाहीत, आणि तुमच्यानंतर जो कोणी चौथा हात काढेल त्याला तो कुठे बसवायचा हे सांगायला कोणी नसेल. पावसाळ्यात डंक बंद असतो. नोकरीतून सुट्टी मिळाली की कधीतरी मी छिन्नी-हातोडा घेऊन येईन आणि सहाही खुणा लोखंडात कोरून देईन. अशा खोल, की दिवा नसला, चष्मा नसला, तरी बोटाला लागतील. या वर्षी जमलं नाही तर पुढच्या वर्षी. पण येईन.